‘उमेदवार’ या शब्दाचा प्रवास : नोकरीचा शोध आणि कृष्णा-वारणाकाठचे मराठी गद्य

ग्रामीण साहित्याची चर्चा आपण प्रामुख्याने शेतीच्या अंगाने केली, दलित साहित्याची जातिव्यवस्थेच्या अंगाने आणि महानगरी साहित्याची एकाकीपणाच्या अंगाने. या वाटणीला तिचे म्हणून महत्त्व आहेच. परंतु या तिन्ही प्रवाहांत सारखाच वावरणारा एक माणूस तिच्यामुळे नजरेतून निसटला आहे. तो म्हणजे काम मागायला आलेला माणूस. तो दारात उभा असतो, त्याच्या हातात कधी अर्ज असतो, कधी गावच्या पाटलाची चिठ्ठी, कधी नुसतेच हात. त्याला आत घेतले जाईल की नाही, हे ठरवणारा दुसराच कोणी असतो. या उभे राहण्याचा अनुभव मराठी गद्याने कसा पाहिला आणि तो पाहण्यासाठी मराठी भाषेने त्याला कोणते शब्द पुरवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः सातारा-सांगली परिसरातील घेतली आहेत. विषयाच्या ओघात अन्यत्रचीही आली आहेत.

प्रारंभ शब्दांपासून करणे इष्ट ठरेल. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यास मराठीत ‘उमेदवार’ म्हणतात. शब्द फारसी आहे; उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. मोल्सवर्थच्या कोशातही या शब्दाचा मूळ अर्थ आशेवर असलेला, अपेक्षा करणारा असाच आहे. पुढे कचेऱ्यांच्या जगात त्याला एक नेमका व्यावहारिक अर्थ आला. जागा रिकामी होईपर्यंत विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्यावर लेखणी झिजवणारा तरुण म्हणजे उमेदवार, आणि त्याच्या त्या काळाला ‘उमेदवारी’ हे नाव. आजही वकील, नट, पत्रकार आपल्या पूर्वायुष्याबद्दल बोलताना ‘उमेदवारीच्या काळात’ असेच म्हणतात. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली येणाऱ्या मुलाला आपले शासन ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणते. निवडणुकीस उभा राहणारा तोही उमेदवारच. आशा करणे हेच ज्याचे काम आहे, त्या आशेला दाम नाही, आणि तरीही ती एक प्रकारची नोकरीच आहे, अशी गुंतागुंतीची सामाजिक अवस्था एका शब्दात साठवणाऱ्या भाषा थोड्या असतील.

या शब्दाचे भाऊबंदही पाहण्यासारखे आहेत. ‘नोकर’ हा मुळात मंगोल भाषेतला, फारसीमार्गे आलेला शब्द. त्याचा तेथील अर्थ सरदाराचा साथीदार, त्याच्याबरोबर लढणारा सोबती असा होता. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. ‘मुलाखत’ अरबी आहे, तिचा अर्थ केवळ भेट. दोन समान माणसांची भेट व्हावी तशी ही भेट नसते हे मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ‘रुजू’ या अरबी शब्दाचा मूळ भाव परत येणे, वळणे असा आहे. आपण मात्र प्रथमच पाऊल ठेवतो तेथे ‘रुजू’ होतो. ‘हंगामी’ हे तर हंगामाचे, म्हणजे काळाचे विशेषण. शेतमजुराला ते चपखल लागू पडते. महाविद्यालयीन अध्यापकाला ते लागू पडावे हा काळाचा महिमा. ‘वशिला’ अरबीत साधन, मध्यस्थी अशा अर्थाने येतो आणि धार्मिक वाङ्मयात ईश्वराजवळ पोहोचण्याच्या साधनासही तो वापरला जातो. मराठीत तो संस्थाचालकाजवळ पोहोचण्याचे साधन झाला. ‘राजीनामा’ या शब्दाची कथा सर्वांत बोलकी आहे. राजी असल्याचे लेखी पत्र, म्हणजे संमतिपत्र, असा त्याचा सरळ अर्थ. रयतवारी पद्धतीत जमीन सोडून देणारा रयत राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. नोकरीच्या व्यवहारात आज आपण ज्यास राजीनामा म्हणतो तो किती वेळा खरोखर राजीखुशीने लिहिलेला असतो, हा प्रश्न शब्दाच्या पोटातच आहे.

हे झाले कचेरीचे शब्द. उंब्रजच्या एस.टी. स्थानकावर किंवा झेरॉक्सच्या दुकानासमोर जे मराठी ऐकू येते ते व्याकरणदृष्ट्या याहून मनोरंजक आहे. ‘जागा निघाल्या.’ ‘फॉर्म सुटले.’ ‘ऑर्डर आली.’ ‘पोराला नोकरी लागली.’ या चारही वाक्यांत कर्ता म्हणून कोणी माणूस नाही. जागा आपोआप निघतात, जसा जमिनीतून कोंब निघावा. फॉर्म सुटतात, जसे कालव्याचे पाणी सुटावे. आणि नोकरी लागते, जशी भूक लागते, ठेच लागते, वेड लागते. निवडणारा कोण, निकष कोणते, नाकारलेल्यांस कोणी नाकारले, याचा वाक्यात मागमूस नाही. याउलट नोकरी जाते तेव्हा क्रियापद लगेच सकर्मक होते : ‘काढला’. येथेही काढणाऱ्याचे नाव बहुधा अध्याहृतच राहते. नोकरी टिकवणाऱ्यास ‘चिकटला’ म्हणतात. हा केवळ ग्राम्य विनोद नव्हे. ज्या प्रक्रियेवर आपला काहीही ताबा नाही ती निसर्गक्रमासारखी बोलून दाखवणे, ही भाषेने शोधलेली एक सोय आहे. मराठी कथेतील नोकरीच्या प्रसंगांचे निवेदन पुष्कळदा याच व्याकरणाने होते, हे पुढे दिसेल.

अर्जाचा विचार वाङ्मयप्रकार म्हणून करता येईल काय? मला वाटते, केला पाहिजे. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात कनिष्ठाने वरिष्ठास लिहावयाचा मायना ठरलेला होता : कृतानेक नमस्कार, विनंती विशेष. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदपत्रे वाचणाऱ्यास हा सूर परिचित आहे. नंतर इंग्रजी अमदानीत ‘आपला आज्ञाधारक सेवक’ हे इंग्रजी पत्राचे भाषांतर आले. आणि आज प्रचारात असलेला ‘विनंती अर्ज’ या दोहोंचे मिश्रण आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात, मध्ये शैक्षणिक अर्हतेचा तक्ता, आणि शेवटी ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’. वस्तुतः तक्त्याने जे सिद्ध केले आहे त्यास सहानुभूतीची गरज नसावी. पण गुणवत्तेचा पुरावा देऊन झाल्यावरही याचना करावी लागते, ही आपल्या अर्जाची घडण आहे. तक्ता आधुनिक आहे, शेवटचे वाक्य दरबारी.

या घडणीला छेद देणारी दोन दस्तऐवजी उदाहरणे याच मुलखाशी निगडित आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख करतो. पहिले, शाहू छत्रपतींचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा. करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा त्यात आहे. त्याआधी वीस वर्षे, १८८२ साली, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात चालू शिक्षण फक्त कारकून आणि शाळामास्तर घडवते अशी तक्रार केली होती. कटगुणच्या फुल्यांची तक्रार आणि करवीरचा जाहीरनामा यांत एक सलग विचार आहे : नोकरी कोणाला ‘लागते’ हा दैवाचा प्रश्न नसून व्यवस्थेचा आहे. दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात १९६५ साली तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिचा राज्यभर विस्तार झाला आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे स्वरूप आले. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. येथे मजूर अर्ज करीत नाही, कामाची ‘मागणी’ नोंदवतो. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याची जबाबदारी शासनावर येते. विनंतीच्या जागी मागणी हा शब्द येणे, ही मराठी प्रशासकीय भाषेतील लहानशी क्रांती होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणींत खडी फोडणे आणि सुकडी या दोन गोष्टी हटकून येतात. ‘मागणी’ हा शब्द मात्र त्या मानाने कमी येतो. हक्कापेक्षा सुकडीची चव अधिक लक्षात राहिली, एवढेच तूर्त म्हणता येईल.

आता कथात्म आणि आत्मपर गद्याकडे वळू. नोकरीच्या शोधाच्या आधी एक अशी अवस्था होती जेथे काम शोधावे लागत नसे, आणि सोडताही येत नसे. शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. आटपाडीस त्यांच्या वडिलांकडे तराळकी होती. तराळाचे काम म्हणजे गावकीचा निरोप्या, राखणदार, सरकारी माणसाच्या दिमतीला असलेला हरकाम्या. या कामासाठी जाहिरात नव्हती, मुलाखत नव्हती, निवड जन्मानेच झालेली होती. उमेदवार होण्यास येथे वावच नाही, कारण उमेद धरावी असे पलीकडे काही ठेवलेले नाही. आणि राजीनामा देण्याची सोयही नाही. महार वतने बंद करण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ पासून मुंबई कायदेमंडळात प्रयत्न केले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. खरातांच्या पुस्तकाच्या शीर्षकातील पहिला शब्द या वतनाचा आहे. पुढे १९७५ साली मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या लेखकाने आपल्या जीवनाला नाव देताना तो प्रथम ठेवावा, याचे मर्म नोकरीच्या इतिहासाशी जोडून पाहिल्याशिवाय पूर्णपणे लक्षात येत नाही. ‘नोकरी मिळत नाही’ ही तक्रार करता येणे, हीसुद्धा काही समाजांच्या बाबतीत विसाव्या शतकातली मिळकत आहे.

उंब्रज हे कृष्णा-तारळीच्या संगमावरचे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे गाव. येथून पश्चिमेस एक वाट चाफळला जाते, दुसरी मल्हारपेठेवरून पाटणला. पाटणच्या डोंगरातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहण्यास गेला. त्याला कामावर घेण्याची रीत साधी होती : मुकादमाची नजर. ज्याच्याकडे मुकादमाने पाहिले त्याला आजचा रोज मिळाला. पाटण तालुक्यातीलच अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून झालेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने या नजरेच्या जागी मंडळाची नोंदवही आणली. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका वाटेवर अशी नोंदवही नाही. यशवंतनगरचा सह्याद्री आणि रेठऱ्याचा कृष्णा या कारखान्यांच्या पट्ट्यात दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची भरती उचलीवर होते आणि मोजणी कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे बाईच्या श्रमाला स्वतंत्र नावही नाही, मग अर्ज कुठला. खानापूर-विट्याकडची मुले सोने गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर जातात. त्यांची शिफारस, मुलाखत आणि हमी या तिन्ही गोष्टी गावच्या एखाद्या मामा-काकाच्या तोंडच्या एका वाक्यात होतात. या वाटांचे तपशील समाजशास्त्राने नोंदवावेत. आपल्याला महत्त्वाचे हे की, येथल्या कथाकाराच्या नजरेसमोर ‘कामावर घेणे’ या क्रियेची इतकी भिन्न रूपे होती.

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातील वाटेगावचे, गाव सोडून मुंबईस पायी गेलेले, हमाली आणि गिरणीकाम केलेले. कथेतील भीमा हा वारणाकाठचा. मुंबईत काम न मिळाल्याने तो उपनगरात राहतो, तेथे त्याला खाणीत काम मिळते, आणि एक दिवस खाण बंद होते. या कथेची चर्चा आपण बहुधा भुकेची, भीषणतेची, स्मशानातल्या त्या झुंजीची कथा म्हणून करतो. माझ्या मते तिचे केंद्र अन्यत्र आहे. खाण बंद होण्याचा निर्णय कथेत कोणी घेताना दिसत नाही. ती बंद पडते. आणि कथेच्या शेवटी, भीमाची दोन बोटे गेल्यावर, त्याच दिवशी ती पुन्हा सुरू होत असल्याचे कळते. बंद होण्यास कारण नाही, सुरू होण्यासही नाही. ‘जागा निघाल्या’ या वाक्याचे निष्कर्ता व्याकरण अण्णा भाऊंनी येथे कथानकाच्या पातळीवर राबवले आहे. मधल्या काळात भीमा प्रेतांच्या राखेतून सोने शोधतो, म्हणजे एका अर्थी स्वतःला स्वतःच कामावर घेतो. त्याला कोणी मालक नाही, मुकादम नाही, आणि पैसा खाणीपेक्षा अधिक आहे. तरीही खाण सुरू झाल्याचे ऐकून तो रडतो. हे रडणे पश्चात्तापाचे म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. तो एकांगी वाटतो. गेलेली बोटे ही कामगाराची अर्हता होती. खाण उघडली तेव्हा तो अपात्र ठरला. भरतीची तारीख आणि उमेदवाराचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट वयोमर्यादा ओलांडलेल्या कोणत्याही पदवीधरास वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याच वेळी नोकरी मिळाल्यानंतरही दार पुरते उघडत नाही, याची जाणीव बाबुराव बागुलांनी दिली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या शीर्षककथेत नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्यास येतो. रेल्वे त्याला कामावर घेते. प्रश्न उभा राहतो तो राहण्याच्या खोलीपाशी. सरकारी नेमणुकीने जे दिले ते घरमालकाच्या उंबऱ्यावर परत घेतले जाते. ‘रुजू होणे’ ही क्रिया हजेरीपटावर सही करताच संपत नाही, असे ही कथा सांगते. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमचं’ (१९८६) लिहिले ते किराणा दुकान चालवता चालवता, लपवून ठेवलेल्या कागदांवर. नोकरी मागायला दारात जाण्याऐवजी स्वतःचे लहानसे दार उघडणे हा मार्ग पुरुषांच्या आत्मकथनांत विरळा आहे. स्त्रियांच्या बाबतीत त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा.

अध्यापकाची नोकरी हा मराठी कादंबरीचा एक मोठा विषय आहे, आणि या लेखाचे वाचकही बहुतांशी त्याच पेशातले असल्याने येथे थोडे रेंगाळणे क्षम्य ठरावे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सुरू होते ती नव्याने नेमणूक झालेल्या मास्तराच्या पायपिटीने. औंध संस्थानातील एकशिक्षकी शाळा, मास्तर पोरसवदा. त्याच्याकडे नेमणूक आहे, पण गावाने त्याला अजून नेमलेले नाही. कादंबरीचा पूर्वार्ध म्हणजे या दुसऱ्या, अलिखित मुलाखतीचा प्रदीर्घ वृत्तांत होय. कारभारी त्याला पारखतो, गाव त्याला लिहिण्यावाचण्याची आणि व्यवहाराची नाना कामे सांगते, आणि हळूहळू मास्तर गावाचा होतो. शेवटी दुष्काळाने गावच ओसाड होते. विद्यार्थी नाहीत म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून मास्तर नाही. पटसंख्येअभावी वर्ग बंद पडण्याचा प्रश्न आज ज्यांच्यापुढे आहे त्यांना ही कादंबरी निव्वळ प्रादेशिक वा काव्यात्म वाटू नये.

माडगूळकरांच्या मास्तरास गाव तपासते. भालचंद्र नेमाड्यांच्या प्राध्यापकास संस्था तपासते, आणि तोही संस्थेला तपासतो. ‘कोसला’ (१९६३) नंतरच्या दीड दशकात आलेल्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जात राहतो. महाराष्ट्रात गावोगाव महाविद्यालये निघाली, त्यांचे चालक, त्यांची जातीपातीची गणिते, स्टाफरूममधली कुजबुज, हे सारे या चतुष्टयात इतके सविस्तर आले आहे की शिक्षणाच्या इतिहासकारानेही ते टाळू नये. येथे फक्त शीर्षकांकडे लक्ष वेधतो. बिढार म्हणजे पाठीवर उचलून न्यावयाचा संसार. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवरचे शोभेचे वस्त्र. एक ओझे आहे, दुसरा अलंकार. पाठ मात्र दोन्हींना लागतेच. चांगदेवाला एक स्वातंत्र्य आहे जे भीमाला नव्हते : तो राजीनामा देऊ शकतो, आणि दुसऱ्या गावी त्याला जागा मिळते. त्याच्या उद्वेगाला, उपरोधाला जी ऐट आहे ती या शक्यतेतून आलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकात पदव्युत्तर पदवी हीच पुरेशी अर्हता होती आणि महाविद्यालये वाढत होती, हे ध्यानात न घेता चांगदेवाच्या बंडाचे मूल्यमापन करणे अपुरे ठरेल.

ती शक्यता मावळल्यावर काय उरते, हे सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२) मध्ये दिसते. एकनाथ एम.ए., बी.एड. आहे, वऱ्हाडातला शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत जागा आहे, पात्रता आहे, पण संस्थेस द्यावयाचा पैसा नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या समाजात जन्मली तेथे शेत विकून नोकरी विकत घेण्याचा विचार घरात बोलला जातो, ही या कादंबरीतली सर्वांत बोचरी गोष्ट. चांगदेवाचा संघर्ष आत शिरल्यावर सुरू होतो, एकनाथाचा दाराबाहेरच संपतो. त्याला उपरोध परवडत नाही. नेमाड्यांची शैली आणि देशमुखांची शैली यांतील अंतर हे केवळ दोन लेखकांच्या प्रकृतींतले नाही. दोन भरतींच्या मधले ते अंतर आहे. समीक्षेत ‘बारोमास’ची गणना शेतकरी जीवनाची कादंबरी म्हणून झाली, ती योग्यच, पण ती आपल्या पेशाचीही कादंबरी आहे, हे आपण सोयीने विसरलो असे मला वाटते.

१९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट अथवा तत्सम परीक्षेची अट घातली, तेव्हापासून अर्हतेचे निकष अनेकदा बदलले. विद्यापीठीय विभागांत सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे २०१८ च्या विनियमांत ठरले, ते पुढे ढकलले गेले, आणि २०२३ साली ती अट ऐच्छिक करण्यात आली. पाच वर्षांच्या या अवधीत कित्येकांनी प्रबंधास नाव नोंदवले, ते विषयाच्या ओढीने की निकषाच्या धास्तीने, हे मार्गदर्शकांस ठाऊक आहे. दरम्यान तासिका तत्त्वावरील अध्यापक हा एक नवा वर्ग उभा राहिला. त्याला तासामागे मानधन मिळते, सुट्टीत मिळत नाही. वर्षअखेर त्याची नेमणूक संपते आणि जूनमध्ये तो पुन्हा अर्ज करतो, पुन्हा मुलाखत देतो, कधी त्याच विभागात, त्याच खुर्च्यांसमोर. ‘तासिका तत्त्व’ या शब्दप्रयोगातील ‘तत्त्व’ हा शब्द कोणी योजला कोण जाणे. ज्ञानेश्वरीतील तत्त्वचर्चा शिकवणारा माणूस स्वतः तासिका तत्त्वावर असतो, ही शब्दांची गाठ हेतुपुरस्सर घातलेली नसावी. कचेरीतला तो जुना उमेदवार, बिनपगारी आशेवर लेखणी झिजवणारा, आता हजेरीपुस्तकात तासांची नोंद करतो.

मुलाखतीविषयी एक अनुभव नोंदवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत (नाव घेण्याचे कारण नाही) प्रस्तुत लेखकाने आपल्या प्रबंधाचा विषय सांगावयास प्रारंभ केला. समितीतील एक गृहस्थ म्हणाले, “ते राहू द्या. कोणाकडून आलात?” प्रश्न रागाचा नव्हता, त्यात आपुलकीच होती. बाजारात गावचा माणूस भेटल्यावर ‘कुणाचा रं तू?’ म्हणून जे विचारतात त्याचीच ती प्रमाणभाषेतील आवृत्ती. गलाईवाल्या मुलास मामाचे नाव पुरते, कारण तेथे मामाच हमीदार असतो. विद्यापीठीय निवड समितीत मात्र विषयतज्ज्ञ असतात, गुणपत्रके असतात, बिंदुनामावली असते. आणि तरीही प्रश्न तोच. माथाडी मंडळाने मुकादमाच्या नजरेला जी नोंदवही दिली ती सुशिक्षितांच्या भरतीला पुरतेपणी मिळालेली नाही, असे या दोन चित्रांवरून वाटते.

आश्चर्य हे की मुलाखत हा एवढा नाट्यपूर्ण प्रसंग मराठी गद्यात क्वचितच दीर्घपणे येतो. विनोदी लेखनात तो आला, पण तेथे मूर्ख प्रश्न विचारणारे साहेब आणि हजरजबाबी उमेदवार असा साचा झाला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात १९८२ च्या गिरणी संपानंतरचे घर आहे, तेथल्या तरुणांची बेकारी घरभर पसरलेली आहे. पण नकार देणारी खोली रंगमंचावर येत नाही. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) मधली पोरे नाक्यावर असतात, ती कोठून नाकारली जाऊन तेथे आली हे सांगितले जात नाही. नकाराचा क्षण आपल्या साहित्यात पडद्याआड राहतो आणि परिणाम तेवढे दिसतात. याचे एक कारण वर सांगितलेल्या व्याकरणात असावे. ज्या क्रियेला भाषाच कर्ता देत नाही त्या क्रियेचे दृश्य रचणे लेखकासही जड जाते. दुसरे कारण लाजेचे. नोकरी लागल्याचे पेढे गावभर वाटतात; न लागल्याचे घरातही मोठ्याने सांगत नाहीत.

या संदर्भात कागदपत्रांचाही विचार व्हावा. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शिक्षण आणि उद्योग या दोन्ही क्षेत्रांतील मोठे नोकरीदाते या दोन जिल्ह्यांतच उभे राहिले. ‘यांत्रिकाची यात्रा’ या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रामुळे एक गोष्ट सर्वपरिचित झाली आहे : मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली. डावललेल्या एका उमेदवाराची ही कथा आपल्याजवळ आहे, कारण पुढे तो स्वतः मालक झाला. इतरांच्या कथा कोठे असणार? संस्था नेमलेल्यांच्या फायली ठेवतात, नाकारलेल्यांचे अर्ज ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात. त्यामुळे नाकारलेल्याची बाजू सापडण्याची जागा म्हणजे त्याचे स्वतःचे घर.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी हे काम हाती घेण्यासारखे आहे. उंब्रज, मसूर, चाफळ, तारळे या पंचक्रोशीत पत्र्याच्या पेट्यांतून जुनी मुलाखतपत्रे, अर्जांच्या कार्बनप्रती, पोस्टाच्या पोचपावत्या, साताऱ्याच्या ‘ऐक्य’ची जाहिरातीपुरती कापलेली कात्रणे अजून मिळतात. अर्जाची भाषा कोणत्या वर्षी कशी बदलली, ‘आज्ञाधारक’ केव्हा गेला आणि ‘विश्वासू’ केव्हा आला, एकाच माणसाच्या पहिल्या आणि दहाव्या अर्जात कोणती विशेषणे गळाली, हे त्यावरून पाहता येईल. अर्जदाराच्या अनुमतीनेच आणि नाव वगळून हे करावे. मी पाहिलेल्या अशा काही कागदांत मजकुराइतकीच पाठकोरी बाजूही उपयोगाची होती. तेथे दुधाचे हिशेब, बियाण्याच्या पिशव्यांचे भाव आणि एका ठिकाणी धाकट्या भावाच्या अर्जाचा कच्चा मसुदा होता.